पाटीवरचं नाव, तोंडातलं नाव

परभणीला आपली ओळख करून द्यायला जाहिरातवाले कधी बोलवावे लागले नाहीत. ‘बनी तो बनी, नहीं तो परभनी’ हे एक वाक्य आहे आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे दुसरं. पहिल्यात थोडी टवाळी, दुसऱ्यात उघड फुशारकी. दोन्हींखाली कुणाची सही नाही. पुण्या-मुंबईत शिकायला गेलेल्या परभणीकरानं गावाचं नाव सांगितलं की समोरचा हटकून यांतलं एक फेकतो आणि परभणीकरही ते हसून झेलतो. एवढी तोंडपाठ झालेली ओळ मिळवायला मोठमोठ्या कंपन्या वर्षानुवर्षं पैसा ओतत असतात.

गावाचं जे, तेच गावातल्या दुकानांचं. स्टेशन रोड, गांधी पार्क, शिवाजी चौक, नानलपेठ अशा भागांतून फिरताना पाटीवर एक नाव वाचायला मिळतं आणि गिऱ्हाइकाच्या तोंडी दुसरंच असतं. पाटी म्हणते अमुक बुक डेपो अँड जनरल स्टोअर्स. आई पोराला सांगते, ‘जा, कोपऱ्यावरच्या काकांकडून दोनशे पानी वही आण.’ कुठलं दुकान ‘शाळेसमोरचं’ असतं, कुठलं ‘पिंपळाखालचं’, तर निवृत्त मास्तरांनी काढलेलं असलं तर नुसतं ‘सरांचं’. मालकाला आपल्या दुकानाचं नाव माहीत असतं, गल्लीला दुकान माहीत असतं.

गल्लीतल्या पुस्तकाच्या दुकानाची ओळख नव्यानं घडवणं, ज्याला आता सगळेच ‘रीब्रँडिंग’ म्हणतात, हा खरं तर या दोन नावांमधलं अंतर कमी करण्याचा उद्योग आहे. पण बहुतेक वेळा काम सुरू होतं ते डीटीपी सेंटरच्या खुर्चीवर. मागे उगवता सूर्य, पुढे उघडं पुस्तक, त्यातून निघणारी पेनाची निब, वर इंग्रजी नाव, खाली मराठी, आणि संगणकात आहेत तेवढे रंग. पंधरा मिनिटांत ‘लोगो’ तयार. असा सूर्य महाराष्ट्रातल्या किती दुकानांवर उगवलेला असेल, ते रस्त्यानं जाता जाता मोजावं.

आधी हे दुकान असतं कसं, ते पाहू. तालुक्याच्या गावातलं पुस्तकांचं दुकान हे शहरी कल्पनेतल्या, कॉफीचा वास येणाऱ्या दुकानासारखं नसतंच. ‘शालेय साहित्य मिळेल’ या पाटीतला ‘साहित्य’ हा शब्दच त्याची कहाणी सांगतो. इथं साहित्य म्हणजे कंपासपेटी, कार्डशीट, फेविकॉल, प्रयोगवही. दुसऱ्या अर्थाचं साहित्य, म्हणजे कथा, कादंबऱ्या, कविता, मागच्या भिंतीवरच्या दोन फळ्यांत बसलेलं असतं आणि तिथपर्यंत पोचायला गिऱ्हाइकाला काउंटर ओलांडता येत नाही. वर्षाचा गल्ला जून-जुलैत उभा राहतो. पाठ्यपुस्तकं तर २७ जानेवारी १९६७ ला स्थापन झालेल्या बालभारतीची. ती सगळीकडे सारखी, किंमतही छापील. तेव्हा गिऱ्हाईक याच दुकानात का यावं, याचं उत्तर पुस्तकात नसतं. ते उधारीच्या वहीत असतं, ‘इयत्ता सातवीचा पूर्ण संच’ न विचारता बांधून देणाऱ्या हातात असतं, नाही तर झेरॉक्सच्या यंत्रात. त्यानंतरची गर्दी स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांची. आणि दिवाळीच्या आसपास अंक येतात. ‘मनोरंजन’ मासिकानं १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही चाल, दोन फळ्यांतलं साहित्य तेवढे पंधरा-वीस दिवस काउंटरवर येऊन बसतं.

मराठीतली दोन नामांकित दुकानं नाव कसं पडतं हे सांगायला फार सोयीची आहेत. गिरगावात केशवराव कोठावळे यांनी पुस्तकविक्री सुरू केली ती मॅजेस्टिक सिनेमाच्या आसऱ्यानं. हे तेच चित्रगृह, जिथं १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला होता. दुकानाचं नाव झालं मॅजेस्टिक बुक स्टॉल. पुढं तिथूनच मॅजेस्टिक प्रकाशन निघालं, जानेवारी १९६४ मध्ये ‘ललित’ मासिक सुरू झालं, पार्ल्यात ‘मॅजेस्टिक गप्पा’ रंगू लागल्या. सिनेमागृह केव्हाच पडलं. आज मराठी वाचकाला ‘मॅजेस्टिक’ म्हटल्यावर पडदा आठवत नाही, पुस्तकं आठवतात.

दुसरं दुकान स्ट्रँड. टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात छोटा स्टॉल टाकला. नंतर दुकान फोर्टात गेलं, सिनेमा मागे राहिला, नाव मात्र सोबत आलं. २०१८ च्या फेब्रुवारीत स्ट्रँड बंद झालं तेव्हा मुंबईच्या वाचकांनी हळहळ व्यक्त केली ती या उसन्या नावाच्या दुकानासाठी. दोन्ही ठिकाणी नाव कुणी बसून शोधलेलं नव्हतं. तो पत्ता होता. ‘कुठं मिळालं?’, ‘मॅजेस्टिकपाशी.’ या ‘पाशी’चं कालांतरानं विशेषनाम झालं.

पॅरिसमधल्या ‘शेक्सपिअर अँड कंपनी’चं प्रकरण याच्या उलट. सिल्व्हिया बीच यांनी १९१९ मध्ये या नावाचं दुकान काढलं. जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये ते १९४१ साली बंद पडलं. जॉर्ज व्हिटमन यांनी १९५१ मध्ये वेगळ्याच जागी ‘ल मिस्त्राल’ नावाचं दुकान सुरू केलं, आणि बीच यांच्या निधनानंतर, १९६४ मध्ये, त्याला जुनं नाव दिलं. म्हणजे आज पर्यटक ज्या पाटीपुढं फोटो काढतात ती नाव बदललेल्या दुकानाची पाटी आहे. हा बदल खपला, कारण नव्या नावामागं वाचकांना आधीच माहीत असलेली गोष्ट होती. हवेतून काढलेलं नाव असतं तर ‘ल मिस्त्राल’ काय वाईट होतं?

परभणीसारख्या गावातल्या दुकानदाराला मात्र पाटी बदलायची वेळ बहुधा हौसेनं येत नाही. ती आणतात कायदा, ऊन आणि मोबाइल.

कायद्याचं असं, की महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा असला तरी दहापेक्षा कमी कामगारांची छोटी दुकानं पाटीच्या सक्तीतून निसटत होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती पळवाट बंद केली. आता प्रत्येक दुकानाची पाटी देवनागरी लिपीत मराठीतून हवी. इतर लिपीतलं नाव चालेल, पण मराठी अक्षरं आधी हवीत आणि त्या दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ ला न्यायालयानं मुंबईतल्या दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. (याच दुरुस्तीत दारूच्या दुकानांना थोर व्यक्तींची आणि गडकिल्ल्यांची नावं देण्याची बंदीही आहे. पुस्तकांच्या दुकानांवर तशी बंदी नाही, हे दुकानदारांचं भाग्य.) परभणीत मराठी पाटी नवलाची नव्हती. पण ‘मराठी आधी आणि लहान नको’ या अटीमुळं बोर्डाची मांडणीच नव्यानं करावी लागते, आणि एकदा बोर्ड उतरवला की मग रंग, चित्र, नाव सगळंच चर्चेला येतं.

उन्हाचं सांगायला नको. उन्हाळ्यात पारा सहज ४४ अंशांच्या वर जाणाऱ्या गावात फ्लेक्स टिकून टिकणार किती? आधी लाल उडतो, मग पिवळा, आणि शेवटी एक निळसर सावली उरते. ज्या दुकानानं लाल अक्षरांत नाव लिहिलं असेल त्याचं नावच आधी जातं, मागचा निळा सूर्यास्त तेवढा राहतो. जुन्या टिनपत्र्यावर इनॅमल रंगानं लिहिलेल्या पाट्या पंधरा-वीस वर्षांनीही वाचता येतात, हे अनुभवी दुकानदार जाणतात. पण पेंटर मिळत नाही आणि फ्लेक्स संध्याकाळी मिळतो.

तिसरा मोबाइल. बोर्ड बारा फुटांचा, व्हॉट्सॲपचा डीपी अंगठ्याच्या नखाएवढा, तोही गोल. ‘श्री अमुक पुस्तकालय, स्टेशनरी, झेरॉक्स व गिफ्ट सेंटर’ हे त्या गोलात बसवलं की दिसतात त्या मुंग्या. शिवाय आता दुकानातली सगळ्यात जास्त पाहिली जाणारी पाटी म्हणजे काउंटरवरचा क्यूआर कोड. तिच्यावर रंग पैसे नेणाऱ्या कंपनीचा, चिन्ह तिचं, दुकानाचं नाव तळाशी बारीक अक्षरांत, आणि पुष्कळदा तेही इंग्रजीत मालकाचं. गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडताना जी खूण शेवटी बघतं, ती दुसऱ्याचीच असते.

आता मुळात काय बदलायचं? पाटी, चिन्ह, रंग हे सगळं मिळून ज्याला ‘ओळख’ म्हणतात तिचा मराठी पाटीपुरता कणा म्हणजे अक्षर. आणि इथंच घोटाळा होतो.

देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लोंबकळतं. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं. उर्दूचं नस्तालीक उजवीकडून वर सुरू होऊन डावीकडं खाली घसरत जातं. परभणीत या तिघांनाही जागा लागते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, कारभार उर्दूतून चाले; आजही बाजारातल्या कितीतरी पाट्यांवर तिन्ही लिप्या शेजारी शेजारी दिसतात आणि उर्दू माध्यमाच्या शाळांची पुस्तकं घेणारं गिऱ्हाईक याच काउंटरवर येतं. तिघींना एका फळीवर नीट बसवणं म्हणजे तीन वेगळ्या सवयींच्या माणसांना एका बाकावर बसवणं. संगणकावर ते असं केलं जातं: इंग्रजी नाव आधी मस्त ठळक फाँटात, मग मराठी त्याच्या मापात दाबून. त्यात वरच्या मात्रा कापल्या जातात, खालचे उकार चिरडतात आणि ‘पुस्तकं’चं ‘पस्तक’ होतं.

दुसरी गफलत ल आणि श यांची. मराठी वळणाचा ल पाकळीयुक्त, श देठयुक्त; राज्य शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयांतही हीच रूपं धरलेली आहेत. पण संगणकावर सहज हाताशी येणाऱ्या कितीतरी फाँटांत हिंदी वळणाचे ल आणि श येतात. एरवी ते डोळ्याला खुपत नाहीत. पण ‘शालेय पुस्तकालय’ अशी पाटी रंगवायची असेल तर त्यात एक श आणि दोन ल आहेत. मुलांना मराठी अक्षर शिकवणाऱ्या पुस्तकांचं दुकान, आणि पाटीवर दुसऱ्या वळणाची अक्षरं!

मराठीत अक्षराला स्वतःचा चेहरा देण्याची परंपरा काही लहान नाही. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांची अक्षरं अशी असत की नाव वाचायच्या आधीच नाटक विनोदी आहे की गंभीर, ते कळे. शेकडो नाटकांना त्यांनी असा चेहरा दिला. ४ जुलै २०२० ला ते गेले. जाहिरातक्षेत्रातून आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात शिकवायला गेलेले र. कृ. जोशी यांनी विंडोजवरचा ‘मंगल’ हा फाँट घडवला, म्हणजे सरकारी पत्रापासून लग्नपत्रिकेच्या मसुद्यापर्यंत मराठी माणसानं संगणकावर वाचलेलं पहिलं अक्षर बहुधा त्यांच्याच हातचं. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे देवनागरी फाँट मुक्त परवान्यावर देऊन टाकलेत. ते परभणीतल्या दुकानदारालाही एक पैसा न देता पाटीवर, बिलावर, पिशवीवर वापरता येतात. चोरून उतरवलेल्या फाँटावर दुकानाची ओळख उभी करायची आता काही गरज उरलेली नाही.

पण फाँट फुकट मिळाला म्हणजे पाटी झाली, असंही नाही. जुन्या पेंटरचं एक कसब होतं. तो खडूच्या सुतानं दोन रेघा मारी, नाव आधी मनात मोजी, जोडाक्षर आलं की आधीच्या अक्षराला थोडं सरकवी. ‘ज्ञानेश्वर’मधला ‘श्व’ आणि ‘पुस्तक’मधला ‘स्त’ यांना किती जागा लागते हे त्याच्या मनगटाला ठाऊक असे. फाँटमध्ये तयार अक्षरं असतात, त्यांच्यामधली जागा ठरवणारं मनगट नसतं.

‘जगात जर्मनी’ म्हणणाऱ्यांना इथं एक जर्मन गोष्ट सांगायलाच हवी. यान चिखोल्ड हा लायपझिगमधल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचा मुलगा. जन्म १९०२. बापाच्या कामातून अक्षराची गोडी लागली, तरुणपणी त्यानं मुद्रणकलेत बंडखोरी केली, १९२८ मध्ये नव्या टायपोग्राफीवर पुस्तक लिहिलं. नाझी सत्तेवर येताच त्याला पकडण्यात आलं. सुटका झाल्यावर तो बायको-मुलाला घेऊन स्वित्झर्लंडला गेला. १९४७ ते १९४९ या काळात तो इंग्लंडमध्ये पेंग्विन प्रकाशनात होता आणि तिथं त्यानं जे केलं ते ओळख बदलण्याच्या कामाचं उत्तम उदाहरण आहे. पेंग्विनची पुस्तकं १९३५ पासून निघत होती. प्राणिसंग्रहालयात जाऊन पेंग्विन पक्ष्याची चित्रं काढून आणणारा एडवर्ड यंग तेव्हा एकवीस वर्षांचा होता. नारिंगी पट्टा कादंबरीचा, हिरवा रहस्यकथेचा, निळा चरित्राचा ही विभागणी वाचकांना पाठ झाली होती. चिखोल्डनं यातलं काहीही मोडलं नाही. पक्षी ठेवला, जरा ताठ आणि नेटका केला. पट्टे ठेवले, अक्षरांमधलं अंतर सुधारलं. आणि छापखान्यांसाठी चार पानी नियम लिहून दिले, म्हणजे तो निघून गेल्यावरही शिस्त राहावी. नेहमीच्या वाचकाला काही बदललंय एवढंच जाणवावं, काय ते बोट ठेवून सांगता येऊ नये, इतक्या हलक्या हातानं केलेलं काम होतं ते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला वॉटरस्टोन्स ही ब्रिटनमधली पुस्तकांच्या दुकानांची साखळी. तिनं २०१० मध्ये नवं, गोलमटोल चिन्ह घेतलं. दोन वर्षांत, जेम्स डाँट कारभारी झाल्यावर, ते काढून टाकून पूर्वीच्या वळणाचं अक्षर परत आलं. जाता जाता नावातलं षष्ठीचं चिन्ह गळालं, त्यावर वृत्तपत्रांत व्याकरणप्रेमींनी रान उठवलं. पण डाँट यांनी केलेला खरा बदल पाटीवर नव्हता. प्रत्येक गावातल्या दुकानानं कुठली पुस्तकं मांडायची हे त्या दुकानातल्या माणसांनी ठरवावं, अशी मोकळीक त्यांनी दिली. पुढं काही छोट्या गावांत तर कंपनीनं आपलं नाव न लावता ‘साउथवोल्ड बुक्स’, ‘राय बुकशॉप’ अशी गावाच्या नावाची दुकानं काढली. २०१७ मध्ये त्यावर टीकाही झाली: गल्लीतल्या दुकानाचं सोंग कशाला? म्हणजे एवढी मोठी साखळी ज्या चेहऱ्यासाठी धडपडत होती, तो परभणीच्या कोपऱ्यावरच्या काकांकडं आधीपासून आहे. काका मात्र आपली पाटी साखळीसारखी दिसावी म्हणून एसीपी शीट आणि एलईडीची चौकशी करत असतात.

जर्मनीची आणखी एक बाब, तिचा पाटीशी संबंध नाही पण दुकानाच्या जगण्याशी आहे. तिथं नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि ती सगळीकडे एकच असते. १८८८ पासूनची ही रीत २००२ मध्ये कायद्यानं पक्की झाली. ऑनलाइन कंपनीलाही सूट देता येत नाही. त्यामुळं छोटं दुकान किमतीवर हरत नाही, निवडीवर आणि सेवेवर टिकतं किंवा पडतं. आपल्याकडं छापील किमतीवर सूट देणं खुलं आहे, आणि भर बाजारातला दुकानदार सवलतीच्या शर्यतीत संकेतस्थळांना गाठू शकत नाही. ‘सर्व पुस्तकांवर सूट’ असं पाटीवर लिहिणं म्हणजे जिथं हमखास हरायचंय त्या आखाड्यात स्वतःहून उतरणं.

मग परभणीतल्या एखाद्या दुकानानं हे काम मनावर घेतलं तर सुरुवात कुठून करावी? डीटीपी सेंटरआधी आठवडाभर काउंटरवर बसून ऐकावं. लोक दुकानाला काय म्हणतात, फोनवर पत्ता कसा सांगतात, काय मागतात, काय मिळत नाही म्हणून परत जातात. बहुतेकदा नवं नाव तिथंच सापडतं, आणि ते जुन्याच नावाचा तुकडा असतं. लांबलचक नावातला लोकांनी उचललेला एक शब्द मोठा करावा, बाकीचं खाली बारीक जाऊ द्यावं. सरस्वती, आदर्श, विद्यार्थी असल्या नावांची दुकानं गावोगावी आहेत. ‘आमची कोठेही शाखा नाही’ असं लिहिलं तरी गुगलच्या नकाशावर ती एकमेकांच्या शाखा असल्यासारखी दिसतात. अशा नावाला गावाची किंवा पेठेची जोड दिली की घोळ मिटतो. नाव वेगळं असेल तर व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येतं. १९९९ च्या कायद्याखाली ही नोंद दहा वर्षांची असते आणि पुढं वाढवता येते.

चिन्हाचं म्हणाल तर पुस्तकाच्या दुकानाकडं ते आधीच असतं: रबरी शिक्का. जुनी मराठी पुस्तकं उघडली की आतल्या कोऱ्या पानावर जांभळ्या शाईतला गोल शिक्का दिसतो, कडेनं दुकानाचं नाव, मधे गावाचं. पुस्तक रद्दीतून फिरत फिरत दुसऱ्या जिल्ह्यात गेलं तरी तो शिक्का मूळ गाव सांगतो. डीपीला गोल हवा असतो, तो इथं तयारच आहे. हा शिक्का नीट रेखून घेतला तर पाटी, पिशवी, बिल, क्यूआरच्या पत्र्याची चौकट सगळीकडे तोच चालतो.

जाहिरातीची फुकट जागाही या धंद्याकडं आहे. जूनमध्ये घराघरांत पुस्तकांना खाकी कव्हरं घालून त्यांवर नाव, इयत्ता, तुकडी, विषय अशी चिठ्ठी चिकटवली जाते. बाजारात या चिठ्ठ्यांवर कार्टूनमधली पात्रं छापलेली असतात. त्याच चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का आणि नीट मराठी अक्षर असेल, तर ती वर्षभर प्रत्येक बाकावर उघडी राहील, आईबापांच्या आणि गुरुजींच्या डोळ्यांसमोर. बारा फुटी फ्लेक्सला एवढा वेळ कुणी बघत नाही.

आणि आतली ती दोन फळ्यांची जागा. चेहरा बदलून दुकान तेच राहिलं तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटतं. काउंटर भिंतीकडं सरकवून लोकांना फळ्यांपर्यंत येऊ दिलं, तर पहिली फळी जिल्ह्याचीच हवी. गंगाखेडची जनाबाई. परभणीत नोकरी करत कविता आणि कादंबऱ्या लिहिणारे बी. रघुनाथ, हे भगवान रघुनाथ कुलकर्णी, पण आडनाव टाकून त्यांनी जे छोटेखानी नाव घेतलं तेच गावातल्या सभागृहाला लाभलं. इंद्रजित भालेराव यांच्या कविता. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं ‘शेतीभाती’ मासिक आणि कृषी दैनंदिनी, जी घ्यायला पूर्णा-पालमचा शेतकरीही थांबतो. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली परभणीत साहित्य संमेलन भरलं. तेव्हा मांडवात पुस्तकं बघत फिरलेली शाळकरी पोरं आता स्वतःच्या मुलांची पाठ्यपुस्तकं घ्यायला याच काउंटरवर येतात. त्यांना दोन फळ्यांपर्यंत नुसती वाट करून द्यायची आहे. उर्दू पुस्तकांची फळीही त्याच भिंतीवर, तितक्याच उजेडात.

पाटीचा रंग ठरवताना शेजारी काय आहे तेही बघावं लागतं. बाजूला मोबाइलचं दुकान निळं, पलीकडं मिठाईचं लाल-पिवळं, समोर राजकीय शुभेच्छांचा फ्लेक्स सर्व रंगांचा. या गजबजाटात सगळ्यात उठून दिसते ती साधी, दोन रंगांची पाटी. रेल्वे स्थानकाच्या नावाची पिवळ्यावर काळी पाटी धावत्या गाडीतूनही वाचता येते, तीत चित्र एकही नसतं.

जुनी पाटी उतरली की तिचं काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. ती बहुधा गोदामाच्या दारावर नाही तर मागच्या शेडच्या छपरावर जाते. टिनपत्र्याची असेल तर पुसून दुकानात आत, फळ्यांच्या वर लावता येते. तिच्यावर टेलिफोनचा पाच आकडी नंबर असतो, जो आता लागत नाही, आणि उजव्या कोपऱ्यात खाली, अगदी बारीक अक्षरांत, पेंटरचं नाव. नव्या पाटीवर नंबर दहा आकडी येतो. कोपरा रिकामा असतो.